वारा बघून बस

उभादांड्याच्या टोकाला, सुरूंच्या अलीकडे
तिघा भावांचं होमस्टे उभं राहतंय.
सहा खोल्या, दोन बाय दोनच्या लाद्या,
रंग म्हणे वाळूसारखा हवा,
दारासमोर एवढी वाळू असताना.

मी आधी कटर उचलत नाही.
आधी वारा बघतो.
इरण्णाला हसू येतं:
"मेस्त्री, होडी सोडायची आहे का?"
बेळगावकडचा पोरगा, ओठांवर जेमतेम मिशी, पायात स्लिपर.
पश्चिमेचा आहे, मी सांगतो, पाठ तिकडे कर,
भुकटी तुझ्यापासून लांब जाऊ दे.
पात्यावर बाटलीची बारीक धार धर,
आणि वायर कोरड्यात.

हे मला बाबल मेस्त्रीने शिकवलं नव्हतं.
त्याने थापी शिकवली,
केसाएवढा उतार नुसत्या नजरेने धरायला शिकवलं,
आणि बसलेल्या लादीवर टिचकी मारून
खालची पोकळी ऐकायला.
नाकातोंडाला रुमाल बांधायचा,
तोही घाम पुसायचाच.
"माका काय्येक होऊक नाय,"
चाळीस वर्षं हेच.

गेल्या शिमग्याला भेटायला गेलो.
पडवीत उशांना टेकून बसला होता,
ओरोसहून आणलेला फोटो खाटेखाली.
बोलताना दर तीन शब्दांनी थांबायचा.
मग बोटाच्या पेराने
स्वतःच्याच छातीवर टकटक केली, कान देऊन,
उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे.
"ऐक," म्हणाला,
"हय माल कमी पडलो."

मी हसलो. हसायचंच होतं ते.
घरी येताना बाजारात उतरून मास्क घेतला,
दोन्ही बाजूंना गोल डबी असलेला.

गुडघ्यांचं विचारूच नका.
दिवसभर टेकलेले, आणि समोर देव नाही.
पहिले पॅड सगुणाने शिवले होते,
भरतीने टाकलेल्या दोन चपलांचे, दोन्ही डाव्या,
वरून परकराची नाडी.
आता विकतचे आहेत.
त्या डाव्या चपला अजून माळ्यावर आहेत,
ती टाकू देत नाही.

सगुणा काजूच्या कारखान्यात बी फोडते.
टरफलातलं तेल कातडीचं काय करतं
ते तिला कुणी सांगावं लागत नाही.
एका रात्री मी चमच्याने जेवत होतो,
तिखट झोंबत होतं सिमेंटने खाल्लेल्या बोटांना.
ती बघत राहिली.
"हात बघ तुझे. आमच्याच कारखान्यातले वाटतत."
सकाळी डब्याखाली रबरी मोज्यांची जोडी,
तिच्या मापाची.

"मोज्यांत लादी हाताला कळत नाही, मेस्त्री."
कळते रे. जरा उशिरा कळते.
कटर सुरू केलास की मात्र काढ,
पातं सैल रबर ओढून घेतं, मागोमाग बोट.
चष्मा राहू दे डोळ्यांवर.
हा बघ माझ्या काचेवर ओरखडा, भुवईच्या समोर.
साळगावच्या शाळेची पायरी. बुधवार होता.
एवढाच तुकडा होता, तांदळाच्या कणीएवढा.

ठेकेदार पेडणेकर बिल वाचताना अडला:
"मास्क? चष्मा? ही हौस माझ्या पैशांनी?"
मी काही बोललो नाही.
सिमेंट आणि स्पेसर यांच्या मधल्या ओळीत लिहिलं होतं,
तिथून खोडलं नाही.
त्याने खोडलं.
पुढच्या बिलात परत लिहिणार आहे.

संध्याकाळी मास्क उतरवला की
तोंडाभोवती माझा खरा रंग उरतो,
बाकी सगळा पांढरा.
धाकटी म्हणते, बाबा, वांदर झालास.
होऊ दे.

सहावी खोली बाकी आहे.
इरण्णाने आज पॅड उलटे बांधले होते,
जाड बाजू मागे,
आणि कुणाला दिसू नये म्हणून
वर लुंगी सोडली होती.
मी काही म्हटलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत सरळ करून देईन.